दुखणं पाठ सोडत नाही तेव्हा

मैत्रिणींनो,

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी बजावलं आहे, तेव्हा ते छापत नाही. पत्र वहीच्या चार पानांचं आहे, पण त्याचा सारा भार शेवटच्या काही ओळींवर आहे. त्या लिहितात : "पिशवीचं ऑपरेशन होऊन पाच वर्षं झाली. तेव्हापासून कंबर धरली आहे ती सुटतच नाही. रात्री झोप नाही, दिवसा उभं राहवत नाही. घरात कुणी वाईट नाही, पण माझ्या दुखण्याला सगळे कंटाळलेत. मीही कंटाळले. कधी कधी वाटतं, झोपावं आणि सकाळी उठूच नये. ताई, असा विचार मनात येतो म्हणजे मी वाईट बाई आहे का?"

आधी या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही हो, तुम्ही वाईट बाई नाही. वर्षानुवर्षं दुखणं अंगावर असलं की माणसाचं मन थकतंच. दुखणं रात्रीची झोप खातं, झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, आणि ते वाढलं की जीव नकोसा होतो. हे एक चक्र आहे, तुमच्या स्वभावाचा दोष नव्हे. मात्र "येतो विचार, जाईल आपोआप" असंही मी म्हणणार नाही. शरीर आणि मन दोघांनी मिळून मारलेली ती हाक आहे. हाक आली की कुणीतरी 'ओ' द्यायला हवी.

आणि नेमकी ही 'ओ' आपल्याकडे बायकांच्या दुखण्याला मिळत नाही. मिळतात ती दोनच उत्तरं. घरचे म्हणतात, "सोस, बाईच्या जातीला हे असायचंच." दवाखान्यात कधी कधी ऐकायला मिळतं, "काढून टाका, कटकट मिटेल." नीट बसून ऐकणं, तपासणं, समजून घेणं हे मधलं उत्तर हरवूनच गेलं आहे.

ते हरवलं की काय होतं, हे बीड जिल्ह्यानं साऱ्या देशाला दाखवलं. २०१९ साली ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी गाजली. त्याच वर्षी आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं, की आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत अशी ४,६०५ ऑपरेशनं झाली होती. पुढं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक! आणि यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या.

का बरं असं झालं असेल? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटल्याशिवाय सुटका नाही. एक दिवस फडात गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. कोपीत राहायचं, पुरेसं पाणी नाही, संडास-न्हाणीची सोय नाही, डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहायच्या, पाळीच्या दिवसांतही सुटी नाही. ओटीपोट दुखलं, अंगावरून पांढरं गेलं, म्हणून बाई दवाखान्यात गेली, की गोळ्या-औषधांनी बऱ्या होणाऱ्या दुखण्यालाही मोठं भय दाखवलं जाई. "कॅन्सर होईल, मुलं तर झालीत, आता पिशवीचं काय काम?" अशी भीती घातल्याचं अनेकींनी सांगितलं. बाईनं आधी सोसलं, मग काढून टाकलं. आणि पुष्कळजणींची कंबर, सांधे, झोप ही दुखणी त्यानंतरही चालूच राहिली, काहींची तर वाढली.

गावात-शहरात राहणाऱ्या आपण त्या बायकांहून फार वेगळ्या आहोत असं समजू नका. आपल्या हाती कोयता नसेल, पण "लग्नसराई संपू दे, मुलांची परीक्षा होऊ दे, मग बघू दवाखान्याचं" असं म्हणत आपणही सोसतोच की! ऑपरेशन करणं नेहमीच चुकीचं असतं असंही नाही. काही वेळा त्यानं जीव वाचतो. पण कारण नीट समजल्यावाचून आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्यावाचून ते करू नये.

तुमचं ऑपरेशन तर होऊन गेलं आहे. तेव्हा आता काय करता येईल ते पाहू.

पहिलं काम, त्या वेळचे कागद शोधा. ट्रंकेत, कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत कुठंतरी डिस्चार्ज कार्ड असेल. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढलेत की ठेवलेत, हे त्यावरून कळतं. याला फार महत्त्व आहे. पाळी जाण्याचं वय होण्याआधी दोन्ही अंडाशय काढले, तर शरीरातलं एक संरक्षण एकदम बंद होतं. अंगातून वाफा निघतात, दरदरून घाम सुटतो, झोप उडते, चिडचिड होते, मन खचतं आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. अंडाशय ठेवलेले असले तरी काहींच्या बाबतीत ते लवकर थकतात. यावर उपचार आहेत. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तर आहेच, शिवाय काही बायकांना पन्नाशीपर्यंत हार्मोनची औषधंही देतात. ती कुणाला चालतील नि कुणाला नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. कागद घेऊन तिथं स्त्रीरोग विभागात जा आणि स्पष्ट विचारा, "माझे अंडाशय आहेत का? माझ्या हाडांची काय स्थिती आहे?" कागद सापडले नाहीत तर सोनोग्राफीवरूनही बराचसा उलगडा होतो.

दुसरी गोष्ट. "तपासण्यांत काही निघत नाही, म्हणजे हिच्या मनाचेच खेळ आहेत," असं कुणी म्हणालं तर खचून जाऊ नका. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं हा स्वतंत्र आजार आहे, असं आता जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीतही मानलेलं आहे. असं समजा, घरात चोर शिरला म्हणून भोंगा वाजला. चोर केव्हाच पळाला, पण भोंगा बिघडल्यामुळं वाजतच राहिला. पुष्कळ जुन्या दुखण्यांत नसांचं असंच होतं. जखम भरते, पण मज्जातंतू इशारा देतच राहतात. आवाज खराच असतो, दुखणंही खरंच असतं. हा भोंगा शांत करायला डॉक्टर कधी कधी उदासीवरचीच गोळी अगदी कमी मात्रेत देतात. ती लिहून दिली म्हणून "मला वेडी ठरवलं" असं मनात आणू नका. उलट मेडिकलमधून स्वतःच आणून वर्षानुवर्षं खाल्लेल्या दुखण्यावरच्या गोळ्या पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात, त्यांना मात्र आळा घाला.

तिसरं, दिवसाची आखणी. आपल्या बायकांची एक खोड असते. जरा बरं वाटलं की साचलेली सगळी धुणी, डब्यांची घासाघीस, महिन्याचं दळण एकाच दिवशी उरकायचं, आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं अंग पाहून काम काढावं. बरं वाटतंय त्या दिवशीही अर्धंच करा, आणि दुखतंय त्या दिवशीही थोडं करा. सबंध दिवस पडून राहिल्यानं कंबर आणखी आखडते. पाच मिनिटं अंगणातल्या अंगणात चाला. आठवड्यानं सहा-सात मिनिटं करा. भाजी खुर्चीवर बसून निवडा. भरलेला हंडा कमरेवर घेण्याऐवजी दोन लहान कळशा दोन हातांत घ्या. ओट्याशी उभं राहायचं तेव्हा एक पाय बुटक्या पाटावर ठेवा आणि मधूनमधून पाय बदला, कमरेवरचा ताण कमी होतो. रात्री निजण्याआधी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलंत तरी बरं वाटेल. पिशवीभोवती टॉवेल मात्र गुंडाळा.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. झोपावं आणि उठूच नये, हा विचार तुम्ही मला लिहिलात. घरात कुणाला सांगितलात का? बहुधा नाही. "त्यांना आधीच काय कमी काळज्या आहेत?" असं तुम्हाला वाटलं असेल. पण घरच्यांना तुमच्या कण्हण्याचा कंटाळा आला आहे, तुमचा नव्हे. कण्हण्याचा अर्थ त्यांना कळत नाही. तेव्हा आडून-आडून न बोलता सरळ शब्दांत सांगा. चहाच्या वेळी, मुलं बाहेर असताना म्हणा, "अहो, मला नुसतं दुखत नाही, मला जगणं नकोसं वाटायला लागलंय. मला भीती वाटते. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला." एवढी तीन-चार वाक्यं पुरेत. नवऱ्याशी बोलता येत नसेल तर बहिणीशी, जावेशी, शेजारणीशी बोला. पण एका तरी माणसाला हे ठाऊक असू द्या.

कुणाशीच बोलवत नसेल तर फोन आहे. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही कुणीतरी उचलतं, मराठीत बोलता येतं. स्वतःचा फोन नसेल तर शेजारणीच्या फोनवरून लावा. हा क्रमांक पंचांगावर किंवा गॅसच्या पुस्तकावर लिहूनच ठेवा. तुम्हाला नाही तर दुसऱ्या कुणाला लागेल.

आणखी एक. नको तो विचार लाटेसारखा असतो. चढतो आणि उतरतो. चढलेला असतो तेवढा वेळ निभावला की जीव निभावतो. म्हणून घरात फवारणीचं औषध असेल, गोळ्यांचा साठा असेल, तर तो आजच दुसऱ्याच्या ताब्यात द्या, कुलपाची किल्लीही त्याच्याकडेच ठेवा. तशा वेळी एकटीनं खोलीत बसू नका, उठून माणसांत जाऊन बसा. आणि 'कसं', 'केव्हा' असे बेत मनात येऊ लागले, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री कुणाला तरी उठवा आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. त्यात लाज कसली? छातीत कळ आली तर आपण थांबतो का?

हे पान घरातल्या सासूबाई, जावा, यजमान वाचत असतील, तर त्यांनाही दोन शब्द. "आमच्या वेळी आम्ही नाही का सोसलं?" हे वाक्य आता पुरे झालं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. रोज एकदा विचारा, "आज कसं आहे? कुठलं काम मी उचलू?" आणि एखादं काम खरोखरच उचला. "तुला जगणं नकोसं वाटतं का गं?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, अशी भीती बाळगू नका. मायेनं विचारलं तर उलट मन मोकळं होतं.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला शेवटी एवढंच सांगते. कंबर पूर्ण बरी होईल असं वचन मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ नये. पण पाच वर्षं तुमचं दुखणं कुणी धड ऐकलेलंच नाही. तेव्हा सगळे उपाय संपले असं आत्ताच कसं म्हणायचं? या आठवड्यात तीन कामं करा. कागद शोधा, एका माणसाला खरं सांगा आणि दवाखान्याचा वार ठरवा. महिन्याभरानं मला पुन्हा पत्र लिहा. डॉक्टर काय म्हणाले ते तर कळवाच, पण त्या दिवशी चहा कुणी केला, तेही कळवा. मी वाट पाहते आहे.

तुमची,
ताई