ऑपरेशननंतरचा खोडवा



वजन घटविण्याचे ऑपरेशन आता खेड्यातली माणसेही करून घेतात. पण ऑपरेशन झाले म्हणजे काम फत्ते, हा समज चुकीचा आहे. लागणीचा ऊस कारखान्याला गेला की काहीजण फडाकडे पाठ फिरवतात. बुडखे छाटत नाहीत, नांग्या भरत नाहीत, अन् खोडवा बसला की कपाळाला हात लावतात. त्यातलाच हा प्रकार.

स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक कमी होते, वजन उतरते. पण चरबीबरोबर स्नायूही झडतात. ते राखायला पुरेशी प्रथिने अन् नियमित व्यायाम हवा. डॉक्टरांनी सांगितलेली जीवनसत्त्वे व रक्ततपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. निगा सुटली की वजन परत चढू लागते.

"आम्ही रानात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?" असे कोणी म्हणेल. पण बांधापर्यंत मोटारसायकल, नांगरट ट्रॅक्टरची, पाणी ठिबकचे. राबणे उरले किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालण्यासारखा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे. डॉक्टरांनी मुभा दिली की हळूहळू तिथवर जावे.

घरच्यांनीही पंगतीत "एक लाडू घ्याच" हा आग्रह सोडावा. साखर कारखान्याच्या अंकात हे कशाला, असे वाटेल. पण सभासद धडधाकट, तरच कारखाना धडधाकट!

— ऊस विकास अधिकारी