बोर्डिंगात काय झालं, हे तो आज सांगतोय

मेल वॉर्डात रात्रपाळीला होते तेव्हाची गोष्ट. चाळिशीतला एक पेशंट आला. लघवी अडलेली, ओटीपोट दगडासारखं. मी नळी घालायला गेले तर त्याने माझा हात झिडकारला आणि भिंतीला पाठ लावून थरथरत उभा राहिला. कोणीतरी म्हणालं, "पिऊन आलाय, धरा त्याला." चौघांनी धरलं आणि मी नळी घातली. सकाळी त्याच्या बायकोने मला बाजूला घेतलं. "सिस्टर, हे लहानपणी बोर्डिंगात होते. तिथला माणूस रात्री यांना खोलीत बोलवायचा. मलासुद्धा लग्नानंतर बारा वर्षांनी सांगितलं."

त्याला पुन्हा एकदा जबरदस्तीने धरणाऱ्यांत मी होते. हे मला अजून बोचतं.

असं फक्त मुलींच्या बाबतीत होतं, असं आपल्या घरांत अजूनही समजतात. केंद्र सरकारने २००७ साली १३ राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला होता, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. ती मुलं आता बाप्ये झाली. कित्येक आपल्याच गल्लीत राहतात.

मग बोलत का नाहीत? आपल्या समाजात याला एक खास कारण आहे. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं, तेव्हापासून वसतिगृह म्हणजे आपल्या पोरांची शिक्षणाची वाट. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन तिथे धाडलेलं असतं. जेवण, पांघरूण, सुट्टी, सगळं ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध दहा वर्षांचं पोर काय बोलणार? मोठं झाल्यावरही त्याला वाटतं, बोललो तर शिक्षणाचे उपकार विसरलो असं म्हणतील. मला हे मान्य नाही. वसतिगृह आपलं आहे म्हणून तर तिथल्या गुन्ह्याचं नाव आपणच घेतलं पाहिजे.

कुलाब्याच्या अँकरेज निवारागृहाचा खटला आठवा. रस्त्यावरच्या पोरांनी कोर्टात उभं राहून साक्ष दिली. २००६ साली संस्थेशी संबंधित दोन ब्रिटिशांना शिक्षा झाली, २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. मधली तीन वर्षं त्या पोरांनी 'आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही' हे उराशी घेऊन काढली असतील. घरातही नेमकं तेच होतं.

नवरा, भाऊ, मुलगा असं काही सांगायला लागला की पहिला प्रश्न येतो, "तेव्हाच का नाही सांगितलं?" हा प्रश्न गिळा. "तुम्ही लहान होता, यात तुमची चूक नव्हती," एवढं म्हणा आणि ऐका. सगळं एका रात्रीत विचारू नका. जावेला, नणंदेला सांगू नका. पुरुषांना सगळ्यात जास्त खातं ते हे, की त्या वेळी आपल्या शरीराने साथ दिली. गुदगुल्या केल्या की हसू येतं, म्हणून माणूस खूश असतो का? शरीराचं तसंच आहे. आणि "हाही आता पोरांना तसंच करेल" ही शंका तर मनातून काढूनच टाका. ज्यांनी हे सोसलं त्यांतले बहुतेक कधीच कोणाला त्रास देत नाहीत.

दारू, झोपेत ओरडणं, अंगाला हात लावू न देणं, पोराला वसतिगृहात घालायचं म्हटलं की भडकणं, यामागे कधी कधी हे असतं. नेहमी असतं असं नाही. रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका.

तक्रार करायची की नाही, हे त्याने ठरवायचं. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा आहे, तो मुलग्यांनाही लागू होतो. त्याआधीच्या गंभीर प्रकारांना त्या वेळचं कलम ३७७ लागतं, आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. मात्र तोच माणूस आजही पोरांमध्ये वावरत असेल आणि आताच्या पोरांना त्रास होतोय असं कळलं, तर गप्प बसता येणार नाही. १०९८ ला किंवा पोलिसांना कळवावंच लागतं, तो कायदाच आहे.

त्या पेशंटची नळी मी दोन दिवसांनी काढली. आधी पडदा ओढला, काय करणार ते सांगितलं, "थांबा म्हणालात की थांबेन" म्हटलं. तो दोनदा थांबा म्हणाला. मी दोनदा थांबले. तुमच्या घरचा माणूस दवाखान्यात दाखल झाला, तर त्याला विचारून सिस्टरच्या कानात एवढंच सांगा, "यांना आधी विचारून हात लावा." कारण सांगायची गरज नाही.