बाटली सरबताची, आत ॲसिड

दोन वर्षांच्या मुलाला लेबल वाचता येत नाही, पण बाटली बरोबर ओळखता येते. ज्या बाटलीतून घरात काही गोड, रंगीत येते, ती त्याच्या लेखी गोडच. आणि नेमक्या त्याच रिकाम्या बाटलीत आपल्याकडे संडास धुण्याचे ॲसिड भरले जाते. दारावर हाळी देत येणारा विक्रेता जुन्या बाटल्यांतून माल विकतो. मोठा डबा आणला तरी आपणही त्यातले थोडे हाताशी असावे म्हणून बाटलीत काढतो आणि ती मोरीच्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवतो. मग तोंड-घसा भाजलेले मूल इस्पितळात पोचते, नातेवाईक आईला बोल लावतात आणि केसपेपरवर ‘अपघात’ असे लिहिले जाते. मला हा शब्द पटत नाही.

चहाने किंवा गरम आमटीने तोंड पोळणे ही निराळी गोष्ट. तिथे मूल पटकन थुंकून टाकते. गार पाण्याचे घोट आणि एक-दोन दिवस मऊ, कोमट खाणे एवढ्यावर बहुधा भागते. मात्र लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर घसा आतून सुजतो आहे असे समजावे आणि एक क्षणही घरी थांबू नये.

रसायनांचे तसे नाही. ॲसिड पोचते तिथे जाळते. कॉस्टिक सोडा किंवा तुंबलेल्या मोरीत टाकायची पावडर त्याहून कपटी, कारण अल्कली मांस विरघळवत खोल उतरते. पानाचा ओला चुनाही त्याच जातीचा. घड्याळात, खेळण्यांत असणारा बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो. ओठ, जीभ स्वच्छ दिसली म्हणून अन्ननलिका वाचली असे मुळीच नाही. खरी गंमत (गंमत कसली!) काही आठवड्यांनी कळते. जखम भरताना नळी आकसते आणि पोळी खाणारे पोर दूधही गिळू शकत नाही. मग भूल देऊन नळी पुन्हा पुन्हा रुंद करणे आले. कधी जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा भाग वापरून नवी अन्ननलिका करावी लागते.

आणि आपले घरगुती उपाय! मिठाचे पाणी पाजून उलटी काढली की जाळणारे द्रव्य त्याच वाटेने दुसऱ्यांदा जाते. ॲसिडवर सोडा, सोड्यावर लिंबू हेही नको. त्यातून उष्णता निघते. तोंडात उरलेले काढावे, ओठ-हनुवटी पाण्याने धुवावी, भिजलेले कपडे उतरवावेत, डॉक्टर सांगेपर्यंत पोटात काही घालू नये आणि ती बाटली बरोबर घेऊन निघावे. दुर्बिणीने अन्ननलिका तपासायची ती शक्यतो पहिल्या चोवीस तासांत, म्हणून ती सोय असलेलेच इस्पितळ गाठावे.

फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हालिए जॅक्सन अशाच मुलांच्या आकसलेल्या नळ्या रुंद करत. घरोघरी साखरेसारखा दिसणारा कॉस्टिक सोडा असे आणि डब्यावर इशारा नसे. त्यांनी नुसते उपचार केले नाहीत, कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली आणि 1927 मध्ये अमेरिकेत अशा डब्यांवर ‘विष’ असे छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले; खरेदीदाराची नोंद, ओळखपत्र, अठराखालच्यांना विक्री बंद. ते ॲसिडहल्ल्यांमुळे, आणि योग्यच होते. पण रांगत्या मुलाच्या हाती लागणाऱ्या बाटलीचा विचार त्यात कुठे होता? खाण्यापिण्याच्या बाटलीत सुटे ॲसिड भरून विकणे हाच गुन्हा ठरवा आणि झाकण मुलांना न उघडणारे सक्तीचे करा, एवढे मागायला हवे. तोवर सरबताची बाटली रिकामी झाली की चेपूनच भंगारात टाकावी, म्हणजे ती पुन्हा कोणाला भरता येणार नाही.