क्लीनर उतरला, टॉमी कोणाच्या हाती?

दिवाळी झाली, जिनिंग सुरू झाले, मक्याची आवक वाढली. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव या पट्ट्यात आता दोन-तीन महिने गाडी रिकामी उभी राहणार नाही. याच दिवसांत चलनाच्या तक्रारीही आमच्याकडे वाढतात. टेललाइट बंद, मागच्या जोडीतला आतला टायर गुळगुळीत, रिफ्लेक्टरची पट्टी उखडलेली. अशा चलनावर मालक हमखास चिडतो. "गाडीचे पासिंग आहे ना, मग दंड कशाचा?"

पासिंग एका दिवसाचे असते. त्या दिवशी गाडी कशी होती, एवढेच फिटनेस सर्टिफिकेट सांगते. आज पहाटे ती गेटबाहेर कशी पडली, हे विचारणारे कलम वेगळे आहे: मोटार वाहन कायद्याचे १९०. धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणली की ते लागते. दोष ठाऊकच असायला हवा असेही नाही. साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरते. "निघण्याआधी गाडी तपासली नाही" म्हणून अमेरिकेत ड्रायव्हरवर थेट ठपका येतो. आपल्याकडे त्या नावाचे चलन नाही, पण त्याचे बीज या कलमात आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड १,५०० रुपयांपर्यंत आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले किंवा नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि हे कलम नुसते गाडी चालवणाऱ्याला धरत नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा हेही त्यात आहेत. चलनाची रक्कम ड्रायव्हरच्या पगारातून कापणाऱ्या मालकांनी हे एकदा वाचून ठेवावे.

आता मुद्द्याची गोष्ट. ही तपासणी आपल्या धंद्यात नवी नाही. ती पूर्वी रोज होत होती आणि ती करणारा माणूस ठरलेला होता. ड्रायव्हर चहा घेऊन येईपर्यंत क्लीनर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती फिरायचा. टायरवर एकेक ठोका. हवा भरलेला टायर खणखणीत बोलतो, टॉमी उडवून लावतो. बसलेला टायर बद्द आवाज करतो. जोडीतला आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, तो कानानेच ओळखायचा. दोन टायरांच्या मधे अडकलेला दगड काढायचा. व्हील नटच्या भोवती गंजाची लाल रेघ उतरलेली दिसली की नट ढिला आहे हे समजायचे आणि ड्रायव्हरला हाक मारायची. कमानीचा पाटा तुटलेला आहे का, ते वाकून बघायचे. मग हवेच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडायचे. ते साचू दिले की व्हॉल्व्ह गंजतात. मग इंजिन चालू करून हवेच्या दाबाचा काटा भरला की इंजिन बंद, ब्रेकवर पाय, आणि मिनिटभर काट्यावर नजर. काटा उतरत राहिला तर कुठेतरी हवा गळते आहे. एवढ्याला पंधरा-वीस मिनिटे लागत. या विद्येचा कुठे वर्ग नव्हता. पाच-सात वर्षे हे करता करताच क्लीनरचा ड्रायव्हर व्हायचा.

तो क्लीनर आता बहुतेक गाड्यांवर नाही. जुलै २०२५च्या सुरुवातीला राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप केला. जुने दंड, सक्तीची वसुली यांबद्दलच्या मागण्या रास्तच होत्या. पण अवजड गाडीवर क्लीनर असण्याची सक्ती काढा, ही मागणीही त्याच यादीत होती. परवडत नाही, पोरे मिळत नाहीत, ही कारणे खरी आहेत. तरीही एक प्रश्न आम्ही त्या वेळीही विचारला होता आणि आजही विचारतो: माणूस काढला, त्याचे काम कोणाकडे दिले? कागदावर ड्रायव्हरकडे. प्रत्यक्षात ड्रायव्हर रात्री केळीच्या बागेत गाडी भरून घेतो, दोरी-ताडपत्री स्वतः बांधतो, हुंडेकऱ्याकडून बिल्टी आणि ॲडव्हान्स घेतो, आणि माल नाशवंत म्हणून त्याच पावली निघतो. त्याने टॉमी कधी उचलायची?

४ जुलै २०२३ला मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ काय झाले, ते खानदेशात कोणाला सांगायला नको. मध्य प्रदेशातून धुळ्याकडे येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. वाटेतल्या गाड्यांना धडकत तो बसथांब्याजवळच्या हॉटेलात शिरला. किमान दहा माणसे गेली. त्यांतली कित्येक नुसती एसटीची वाट बघत होती.

"ब्रेक फेल" हा शब्द मात्र आपण फार सैल वापरतो. नोव्हेंबर २०२२मध्ये पुण्याच्या नवले पुलावर एका अवजड गाडीने दोन डझनांच्या आसपास वाहने चेपली, तेव्हाही पहिल्या तासात ब्रेक फेलच ऐकू आले. नंतरच्या तपासणीत ब्रेक शाबूत निघाले. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केल्याचे पुढे आले. घाटात गिअर सोडून नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्याचे लायनर तापून सुटले, तर सकाळी कितीही टॉमी वाजवली तरी उपयोग नाही. तपासणीने सगळे टळते असा आमचा दावा नाही. गळकी हवा, ढिला नट, फुटायला आलेला टायर एवढे टळते, आणि पन्नास टनांपर्यंत वजन घेऊन धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत एवढेही थोडे नाही.

पाचोऱ्याच्या स्टेशनावरून मालगाड्या जातात. त्यांतल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात ब्रेक पॉवर सर्टिफिकेट असते. तपासनीसाने ब्रेक बघून सही केल्याशिवाय रेक हलत नाही. तपासायला वेगळा माणूस, त्याला वेगळा पगार. आपल्या गाडीला तेवढा थाट परवडणार नाही, पण वेळेचा हिशेब तरी लागू होतोच. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने गाडीच्या देखभालीचा वेळ कामाच्या तासांत धरला होता. अमेरिकेतही तपासणीची मिनिटे ड्युटीतच मोजतात. आपल्याकडे ड्रायव्हरला खेपेवर पैसे. चाक फिरले तर कमाई, उभे राहिले तर नाही. अशा हिशेबात जो माणूस वीस मिनिटे गाडीखाली घालवतो, तो स्वतःच्या खिशातून घालवतो.

काही मालकांनी यावर छापील तक्ते काढले आहेत: तीस रकाने, प्रत्येकात बरोबरची खूण, खाली सही. असे तक्ते आम्ही पाहिले आहेत. महिन्याचे सगळे एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले. अमेरिकेनेही २०१४च्या अखेरीस मालवाहू ट्रकांसाठी "दोष नाही" असा रोजचा कागद भरायची सक्ती काढून टाकली. दोष सापडला तरच लिहायचे. तपासणीचे बंधन तिथे आहेच, शिवाय निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून बांधलेला माल पुन्हा बघायचा. पाचोऱ्याहून मनमाडकडे निघालेल्याला तेवढ्यात चाळीसगाव लागते. चहाला तिथे थांबतोच, तेव्हा दोरीवर हात मारायला काय हरकत आहे?

तालुक्यातल्या मोटारमालकांच्या बैठका या महिन्यात होतील. तिथे तीन गोष्टी मांडाव्यात. खेपेच्या हिशेबात तपासणीचा भत्ता वेगळा लिहावा, मग रक्कम कितीही ठरो. ड्रायव्हरने दोष सांगून गाडी उभी केली, तर त्या दिवसाचा त्याचा पगार कापू नये. आणि १९०चे चलन आले, तर तो दोष आधी सांगितलेला होता का हे बघून मालकाने ते भरावे. जिनिंगवाल्यांनाही विनंती आहे. गाठी भरून झाल्या की गेटवर हॉर्न वाजवून घाई करू नका. ड्रायव्हर गाडीभोवती फिरत असेल, तर त्याला फिरू द्या. क्लीनर परत ठेवायचा की नाही, यावर वाचकांची, विशेषतः ड्रायव्हरांची पत्रे आम्हाला हवी आहेत. मालकांची बाजू आमच्यापर्यंत आपोआप पोचते.