भांडी कोणी घासायची?

डिशवॉशरमध्ये भांडे घासले जात नाही. यंत्राच्या तळाशी आणि वरच्या जाळीखाली पोकळ, छिद्रे असलेले हात असतात. पाण्याच्या दाबाने ते गरगर फिरतात आणि 50 ते 70 अंश सेल्सियसपर्यंत तापलेल्या पाण्याचा फवारा भांड्यांवर मारतात. खाली साठलेले तेच पाणी गाळणीतून जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. एका धुलाईला 10 ते 12 लिटर पाणी पुरते, ते या फेरवापरामुळे. घासणीचे काम उष्णता, वेळ आणि साबण मिळून करतात. हा साबण हाताने भांडी घासण्याच्या साबणासारखा नसतो. त्याला फेस जवळपास येत नाही, पण क्षार तीव्र असतो. सोडा तेलकटपणा सोडवतो आणि विकरे वाळून कडक झालेला भात, डाळ, दूध यांचे कण तोडतात. कातडीला सोसणार नाही इतके गरम पाणी, हातावर घेता येणार नाही असा साबण आणि दोन-तीन तासांचा वेळ, एवढ्यावर यंत्राचे सारे काम चालते.

हे यंत्र गरम पाण्याच्या घरातून आले आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफीन कॉक्रेन यांना 28 डिसेंबर 1886 रोजी त्याचे पेटंट मिळाले. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते गाजले. सुरुवातीचे गिऱ्हाईक मात्र हॉटेले आणि उपाहारगृहे होती. सामान्य घरांत तेवढे गरम पाणी नव्हते, त्यामुळे घरोघरी पोचायला यंत्राला दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला.

यंत्राची शिफारस करताना एका अभ्यासाचा आधार हमखास दिला जातो. जर्मनीतील बॉन विद्यापीठात युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतील 113 लोकांना बारा जणांच्या जेवणाची 140 भांडी हाताने धुवायला दिली गेली. सरासरी 103 लिटर पाणी, अडीच युनिट वीज आणि 79 मिनिटे लागली. तेवढीच भांडी यंत्राने सुमारे 15 लिटर पाण्यात आणि एक ते दीड युनिट विजेत धुतली. हे आकडे खरे आहेत, पण त्यांतल्या दोन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे सरासरीच्या पोटात दडलेले अंतर. स्पेन आणि पोर्तुगालच्या गटाला 170 लिटर पाणी लागले, तर जर्मन गटाला 46. भांडी तीच होती, फरक धुण्याच्या पद्धतीचा होता. दुसरी गोष्ट त्या अडीच युनिटांची. 103 लिटर पाणी साधारण 21 अंशांनी तापवायला एवढी वीज लागते. म्हणजे हाताने धुण्याच्या नावावर लागलेली वीज पाणी तापवण्याची आहे.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच दिशेने बोलतो. व्हर्लपूल या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या सहभागाने झालेल्या या अभ्यासात वाहत्या गरम पाण्याखाली भांडी धुणारे घर यंत्रापुढे सपशेल हरले. पण एका टबात साबणाच्या पाण्याने धुवायचे आणि दुसऱ्या टबात गार पाण्याने विसळायचे, या पद्धतीतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन यंत्राहूनही कमी निघाले.

महाराष्ट्रातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत सिंकच्या नळाला गरम पाणी नसते. मोरीत, ओट्याशी किंवा अंगणातल्या दगडावर भांडी थंड पाण्यानेच निघतात, आणि ती नीट निघतातही. याचे एक कारण ताटातच आहे. लोणी, चीज, प्राण्यांची चरबी थंड पाण्यात गोठून भांड्याला धरून बसतात. शेंगदाण्याचे, करडईचे, सूर्यफुलाचे तेल तसे गोठत नाही; साबणाने ते थंड पाण्यातही सुटते. तूप किंवा थंडीतले खोबरेल तेवढे हट्टी असते आणि त्यासाठी पातेलेभर कोमट पाणी पुरते. अशा घरात हाताने भांडी धुण्याची वीज जवळपास शून्य धरावी लागते आणि यंत्राच्या प्रत्येक फेरीचे साधारण एक युनिट नव्याने वाढते. राज्यातली वीज अजून मुख्यतः कोळशावर तयार होते. देशाच्या ग्रिडची सरासरी धरली तर त्या एका युनिटामागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून ‘डिशवॉशर वीज वाचवतो’ हे विधान युरोपात खरे असले तरी सोलापूर किंवा रत्नागिरीच्या घरात ते टिकत नाही.

पाण्याची बाजू वेगळी आहे आणि तिथे यंत्राला श्रेय द्यावेच लागते. स्वयंपाकघरातला साधा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला सहा ते दहा लिटर पाणी टाकतो. दहा मिनिटे नळ चालू ठेवून भांडी विसळली की 60 ते 100 लिटर पाणी गेले. शहरांतल्या फ्लॅटमध्ये हेच चालते, कारण सिंकमध्ये टब ठेवायला जागा नसते आणि पाणी वरच्या टाकीतून अखंड येते. तिथे यंत्र खरोखर पाणी वाचवते, अट इतकीच की भांडी यंत्रात लावण्याआधी ती नळाखाली धुऊन घ्यायची नाहीत. खरकटे बोटाने किंवा चमच्याने निपटून डब्यात टाकावे, तेवढे पुरे. पुष्कळ घरांत आधी नळाखाली आणि मग यंत्रात अशी दुहेरी धुलाई होते आणि सगळी बचत त्यात वाहून जाते.

जिथे पाणी मोजून येते तिथली रीत आधीपासूनच निराळी आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा भागात नळ सोडून भांडी धुण्याची चैन कोणी करत नाही. एका घमेल्यात भिजवणे, घासून बाजूला ठेवणे, दुसऱ्या घमेल्यात विसळणे आणि शेवटी तांब्याभर स्वच्छ पाणी वरून सोडणे, यात पाच माणसांची भांडी 20 ते 25 लिटरांत निघतात. शिवाय त्या पाण्याला दुसरा जन्म असतो. मोरीच्या तोंडाशी अळू, केळ, कर्दळ वाढते ती याच सांडपाण्यावर. राखेने किंवा सौम्य साबणाने घासलेल्या भांड्यांचे पाणी झाडे निमूट घेतात. यंत्राच्या पाण्यात मात्र तीव्र क्षार आणि सोडियम असते, ते रोज झाडाला घातले तर माती बिघडते. पाण्याचा हिशोब यंत्राच्या दहा लिटरांवर थांबवणे म्हणूनच अपुरे आहे. ते दहा लिटर गटारात जातात, घमेल्यातले पंचवीस लिटर परसात जातात.

पाणी किती हा एक प्रश्न, कसे हा दुसरा, आणि यंत्र घेणाऱ्यांची निराशा बहुधा या दुसऱ्या प्रश्नावर होते. शहरांच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांत टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी येते आणि ते जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तापवल्यावर पांढऱ्या थराच्या रूपात काचेवर, स्टीलवर आणि यंत्राच्या हीटरवर बसते. यावर उपाय म्हणून यंत्रात रेझिनचे दाणे असतात, ते हे दोन्ही धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. दाणे भरून गेले की मिठाच्या पाण्याने त्यांना पुन्हा ताजे करावे लागते. हे मीठ जाड आणि शुद्ध हवे. जेवणातले बारीक मीठ, ज्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून इतर पदार्थ मिसळलेले असतात, ते इथे चालत नाही. पाण्याचा जडपणा मोजून यंत्रावर तो आकडा लावणे हे बसवणाऱ्या माणसाचे काम आहे, पण ते करून घेणारी घरे थोडी. पाण्याचा दाबही पाहावा लागतो. अनेक यंत्रांना किमान 0.3 ते 0.5 बार दाब लागतो, म्हणजे टाकी नळाच्या तीन ते पाच मीटर वर हवी. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली असलेल्या घरांत तो मिळेलच असे नाही. गोळी, मीठ आणि भांड्यावरून पाणी ओघळून जावे म्हणून लागणारे द्रावण, यांचा खर्च अनेकदा विजेच्या खर्चाहून अधिक भरतो.

आता भांडी. स्टीलचे ताट, वाटी, पेला, चमचा, डबे यांना यंत्रासारखा सोयरा नाही. काच आणि चिनी मातीचेही तेच. लोखंडी तव्याचे आणि कढईचे मात्र नुकसान होते. वर्षानुवर्षे तेल पिऊन त्यांच्यावर जो काळा तुळतुळीत थर चढतो, तो क्षार आणि उष्णता मिळून उतरवतात आणि दुसऱ्या दिवशी तवा तांबरलेला निघतो. ॲल्युमिनियमच्या कुकरवरचा संरक्षक थर क्षारात विरघळतो व कुकर काळा पडतो. पितळ, तांबे काळवंडते, कल्हई निस्तेज होते. पोळपाट, लाटणे आणि रवी गरम पाण्यात फुगून चिरतात. जळलेल्या दुधाचे पातेले किंवा तळाला लागलेल्या पिठल्याची कढई फवाऱ्याने सुटत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांत कढईसाठी 70 अंशांचा वेगळा कार्यक्रम असतो आणि तो मसाल्याचा तेलकट थर काढतोही, पण करपलेले आधी भिजवून उलथन्याने खरवडावेच लागते. हळदीचा पिवळा डाग प्लॅस्टिकच्या डब्यावरून यंत्रानेही जात नाही. त्याला ऊन दाखवावे. हळदीचा रंग उन्हात विरतो.

जाळ्यांची रचना सपाट बशांसाठी केलेली असते. परात, मोठे पातेले आणि कुकर आत गेले की निम्मी जागा संपते. म्हणून मराठी घरात यंत्र आल्यावरही चार-पाच मोठी भांडी ओट्यावर उरतात, हे धरूनच चालावे. दोन माणसांच्या घरात तर यंत्र भरायला दीड-दोन दिवस लागतात आणि पावसाळ्यात तोवर आतल्या खरकट्याला वास सुटतो.

स्वच्छतेत यंत्र पुढे आहे. 65 अंशांचे पाणी जंतूंची संख्या जितकी घटवते तितकी थंड पाणी आणि आठवडाभर ओली राहिलेली घासणी घटवू शकत नाही. रोजच्या निरोगी घरात या फरकाने फारसे बिघडत नाही, पण आजारी माणूस किंवा तान्हे मूल असलेल्या घरात तो मोलाचा आहे. घासणी रोज पिळून वाळवली आणि भांडी पालथी घालून कोरडी होऊ दिली तर हातानेही पुरेशी स्वच्छता साधते.

वीज, पाणी, मीठ, कढई यांचा हिशोब इथवर होतो. खरी गोष्ट त्या हातांची आहे, आणि बहुतेक चर्चा तिथे पोचण्याआधीच संपते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळवापर पाहणीत, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात आणि पुरुष 88 मिनिटे, असे दिसले. भांडी हा त्यातला दिवसातून दोन-तीनदा परत येणारा भाग आहे. सतत ओल्या राहणाऱ्या हातांना चिखल्या होतात, नखुरडे होते, साबणाने बोटांची कातडी सोलते. निफाडच्या डिसेंबरात टाकीचे पाणी बोटे बधिर करते. उकिडवे बसून मोरीत भांडी घासणाऱ्या बाईचे गुडघे आणि कंबर किती दुखते याची नोंद कोणत्याही लिटर-युनिटच्या तुलनेत नाही. घरातली एकच बाई नोकरी करून रात्री दहाला सिंकपाशी उभी राहत असेल, तर तिच्यासाठी एक युनिट वीज जाळणे पूर्णपणे योग्य आहे. तिथे यंत्रच चांगले.

अनेक शहरी घरांत हे हात घरातले नसतात. धुणी, भांडी, केर-फरशी यांचे महिन्याचे पैसे वेगवेगळे ठरलेले असतात, त्यामुळे यंत्र आले की मावशींच्या उत्पन्नातला एक सबंध भाग नाहीसा होतो. 2020 च्या टाळेबंदीत कामाला येणे बंद झाले तेव्हा शहरांत डिशवॉशरची मागणी एकदम वाढली आणि त्याच महिन्यांत असंख्य घरकामगार बायकांची मिळकत थांबली. या बायकांनी आपले हक्क भांडून मिळवले आहेत. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला तो 2008 मध्ये, म्हणजे 28 वर्षांनी. त्यांच्या कष्टाचा भार यंत्राने हलका व्हावा, पण त्याची किंमत त्यांच्याच पगारातून वसूल होऊ नये.

ज्या घरात माणसे चार किंवा अधिक, भांडी मुख्यतः स्टीलची, पाण्याला दाब आणि घासणारे हात थकलेले, तिथे डिशवॉशर घ्यावा. पाणी जड किंवा तुटपुंजे असेल, माणसे दोन असतील, किंवा सांडपाण्यावर परसबाग जगत असेल, तर दोन टबांची रीत त्याहून सरस आहे. नळ सोडून विसळण्याची सवय मात्र दोन्ही घरांनी मोडावी. यंत्र घेणाऱ्यांनी मावशींचे भांड्यांचे पैसे कापू नयेत, त्या वेळेत दुसरे काम त्यांच्याशी बोलून ठरवावे. आणि जेवण झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने, पुरुषांनी आणि मुलांनीही, आपले ताट आपण निपटून यंत्रात लावावे.