नाताळचा बर्फ, पसरणी घाट आणि हिंगण्याच्या आजी

गेल्या रविवारी पुण्यात कर्वेनगरला ताईकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर दाजींनी लॅपटॉप उघडला. विषय एकच, नाताळच्या सुट्टीत स्वित्झर्लंड. एजंटाने तीन गावांचे फोटो पाठवले होते. लाकडी घरं, छपरावर बर्फ, खिडकीत दिवे, चौकात ख्रिसमस ट्री. भाची आठवीत आहे. तिचं म्हणणं, "मामा, तू पत्रकार आहेस ना? मग सांग, यातलं कुठलं चांगलं?"

आता मी वाईचा माणूस. माझा नाताळ दरवर्षी एकाच बातमीत जातो, 'पसरणी घाटात वाहनांच्या रांगा'. तरी म्हटलं, विचारलंय तर नीट अभ्यास करून सांगू. दोन दिवस बसून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. आपल्या लहानपणी सुट्टी म्हणजे दिवाळी आणि मे. आता मुलांच्या शाळा बदलल्या, डिसेंबरअखेर आठ-दहा दिवस मिळतात आणि सगळं मध्यमवर्गीय पुणे एकाच आठवड्यात बाहेर पडतं. आल्प्समध्ये तर त्याच आठवड्यात अख्खा युरोप स्कीइंगला येतो. म्हणजे वर्षातला सगळ्यात महाग आठवडा आपण हौसेने निवडतो.

पहिली गोष्ट, फोटोवर जाऊ नका, गावाची उंची बघा. नाताळात बर्फ असतोच असं नाही. ग्श्टाड हे श्रीमंतांचं नावाजलेलं गाव साधारण १,०५० मीटरवर आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात त्या भागात ऐन मोसमात उतार हिरवे राहिले आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणून टाकावा लागला. जगभर त्यावर टीका झाली. बर्फाची जास्त खात्री हवी तर १,६२० मीटरवरचं झेरमॅट, १,८०० मीटरवरचं सास-फे किंवा फ्रान्समधलं २,३०० मीटरवरचं वाल तोरांस. पण जितकं उंच तितकं महाग आणि तितकी कडाक्याची थंडी.

दुसरी गोष्ट, ते दिव्यांचे बाजार. आपण २५ तारखेला पोचतो आणि तोवर बरेचसे बाजार उठलेले असतात. बाझलचा मोठा बाजार साधारण २३ लाच आवरतो. त्यांचा खरा सण २४ च्या संध्याकाळी, घरात, कुटुंबाबरोबर. २५ ला दुकानं बंद. लक्ष्मीपूजनाच्या रात्री लक्ष्मी रोडला खरेदीला निघण्यासारखंच ते. शिवाय दिवस जेमतेम साडेआठ तासांचा. संध्याकाळी पाचला काळोख.

तिसरी गोष्ट, तुम्ही स्कीइंग करणार आहात का? मी दाजींना सरळ विचारलं. ते म्हणाले, "छे रे, गुडघा जाईल. फोटो काढायचे, बर्फात खेळायचं." मग स्कीच्या गावात, स्कीच्या मोसमात, स्कीवाल्यांच्या भावाने खोली घ्यायचीच कशाला? नुसता बर्फच बघायचा तर ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला १९१२ पासून रेल्वे जाते आणि तिथे मे महिन्यातही बर्फ असतो. टिटलिसवरही तसंच. तिथे तर शाहरुख-काजोलचा कटआउटसुद्धा उभा करून ठेवलाय आपल्यासाठी.

हे सगळं चाललं होतं तेव्हा ताईच्या सासूबाई कोपऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. वय बहात्तर. मी विचारलं, "आजी, तुमचं काय?" एकदम शांतता. मग कळलं की त्यांचं तिकीट यादीतच नव्हतं. दहा दिवसांसाठी एक बाई ठेवायची असं ठरलं होतं. "थंडी झेपणार नाही तुला, पाय घसरला तर?" दाजी म्हणाले. काळजी खोटी नव्हती. पण त्यांना विचारलं कुणीच नव्हतं.

आजी हिंगण्याच्या शाळेत शिकलेल्या. शेंगा बाजूला ठेवून म्हणाल्या, "अण्णा गेले होते की जिनिव्हाला. एकाहत्तराव्या वर्षी. तेही बोटीने."

खरंच आहे. ज्यांच्या नावाने हे कर्वेनगर ओळखलं जातं ते महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ साली युरोपला गेले. जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर बोलले. ज्या माळावर त्यांनी १९०० मध्ये झोपडीत आश्रम हलवला, तिथून ते फर्ग्युसनला शिकवायला चालत जात. आज त्याच माळावरच्या फ्लॅटमध्ये बसून आपण ठरवतो की बाईमाणसाला झेपणार नाही!

आता माझ्या पोटातली गोष्ट. झेरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे. गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश नावाच्या गावात लावायची आणि पुढे बारा मिनिटं रेल्वेने जायचं. करोडपती असला तरी तेच. आपली माणसं तिथे जातात, "काय शिस्त, काय शांतता" म्हणून स्टेटस टाकतात. आणि तीच माणसं माथेरानला दस्तुरीच्या नाक्यावर "गाडी आत का सोडत नाही" म्हणून हुज्जत घालतात. पसरणी घाटात चुकीच्या बाजूने घुसतात. चार वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात त्या रांगेत अडकलेली एक रुग्णवाहिका मी डोळ्यांनी पाहिलीय. सायरन वाजत होता, पुढचा एकही हलायला तयार नव्हता. हलणार तरी कुठे म्हणा.

वाईत गाड्या थांबवून वर पाचगणी-महाबळेश्वरला बस सोडल्या तर? किमान २४ डिसेंबर ते १ जानेवारी? मी बातमीत हे अनेकदा लिहिलंय. हॉटेलवाल्यांना धंदा बुडेल अशी भीती वाटते. पण झेरमॅटचा धंदा बुडालेला दिसत नाही. त्या शांततेचेच ते पैसे घेतात, आणि ते द्यायला आपण कर्ज काढायला तयार आहोत.

बाहेर जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, जग बघा. पण हप्ते फेडत शेजाऱ्याच्या फोटोमागे जाऊ नका. स्कीइंग शिकायचं असेल तर डिसेंबर, नुसता बर्फ बघायचा असेल तर मे. घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवा. आणि येताना चॉकलेटबरोबर ती टेशची सवयही घेऊन या.

दाजींनी अजून होकार दिलेला नाही. पण काल ताईचा फोन आला होता. आजींनी पासपोर्टसाठी फोटो काढून घेतलेत.

पटलं तर सांगा, नाही पटलं तर भांडा. वाईकरांनी मात्र जरूर बोलावं.