थकलेल्यांनी नकार दिला, म्हणून सामना हरला!

रेल्वेचा महिला बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला की विजेतेपद बहुधा आपल्याच घरी येते. स्पोर्ट्स कोट्यातून लागलेल्या या मुली आपल्याच कार्यालयांत काम करतात. तेव्हा अमेरिकेतल्या एका व्यावसायिक महिला बास्केटबॉल संघाची हकीकत या पानावर आली म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. हकीकत खेळाची असली तरी प्रश्न ड्यूटीचा आणि विश्रांतीचा आहे, आणि त्या विषयात रेल्वे व टपाल कामगाराला कोणी शिकवायला नको.

हा संघ लास व्हेगासचा, नाव एसेस. आधी तो टेक्सासमधील सॅन अँटोनियोला होता आणि २०१७ साली ३४ पैकी अवघे ८ सामने जिंकला होता. जुगारघरे व हॉटेले चालविणाऱ्या एमजीएम रिसॉर्ट्स या बड्या कंपनीने तो विकत घेतला आणि लास व्हेगासला आणला. २०१८ हा त्याचा तिथला पहिला हंगाम. एजा विल्सन ही सव्वासहा फुटांहून उंच खेळाडू त्याच वर्षी संघात आली आणि वर्षाची सर्वोत्कृष्ट नवोदित ठरली. तिचा हंगामाचा पगार ५२,५६४ डॉलर. त्याच उन्हाळ्यात पुरुषांच्या लीगमधील लेब्रॉन जेम्सने चार वर्षांचा १५ कोटी डॉलरहून मोठा करार केला. त्याच्या पैशांवर आमचा डोळा नाही. पण हे दोन्ही आकडे एकाच खेळातले आहेत, एवढे ध्यानात असू द्यावे.

त्या वर्षी सप्टेंबरात स्पेनमध्ये जागतिक स्पर्धा होती. म्हणून ३४ सामन्यांचा हंगाम मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तीन महिन्यांत कोंबण्यात आला. गाड्या वाढवायच्या आणि माणसे तेवढीच ठेवायची, हा हिशेब आपल्याला नवा नाही. पुरुषांचे संघ खास विमानाने फिरतात. महिलांनी मात्र साध्या प्रवासी विमानाने जायचे आणि विमान रद्द झाले तर विमानतळावर ताटकळायचे.

३ ऑगस्ट २०१८, शुक्रवार. सामना वॉशिंग्टनला. विमानांचा गोंधळ होऊन विमाने आणि विमानतळ मिळून पंचवीस तासांहून अधिक काळ घालवल्यावर हा संघ सामन्याच्याच दिवशी दुपारी उशिरा मुक्कामी पोहोचला. बुधवारच्या रात्रीनंतर कोणाच्या पाठीला अंथरूण लागले नव्हते. लीगने मेहेरबानी केली ती एवढीच, की सामना सातऐवजी आठला ठेवला! खेळाडूंनी आपल्या संघटनेच्या पुढाऱ्यांशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवले, की अशा शरीराने खेळलो तर दुखापत ठरलेली, सबब आज खेळणार नाही. ७ ऑगस्टला लीगने निकाल दिला: सामना हरला असे धरले जाईल. लीगच्या इतिहासात असे प्रथमच घडले. आपल्याकडे संपानंतर 'ब्रेक इन सर्व्हिस' लावत, त्याचीच ही चुलत बहीण.

ही गोष्ट आम्ही एका सभेत सांगितली तेव्हा आपलाच एक सभासद म्हणाला, "विमानात बसून जायचे, वर दमायचे? नखरे आहेत." असे बोलणाऱ्याने आठवावे, की रात्रभर हलत्या डब्यात उभे राहून टपालाची छाननी करणाऱ्या आर.एम.एस.च्या सॉर्टरलाही लोक म्हणत, 'तुम्हाला काय, फुकट प्रवास!' प्रवास ही ज्याची ड्यूटी आहे त्याला तो आराम वाटत नाही. आमच्या तोंडावर एका साहेबांनी सांगितले आहे, "झोप घरी काढायची असते." आणि घरी जायला सोडायचे कधी, हे मात्र साहेब बोलले नाहीत.

लीगचे समर्थन तर ऐकण्याजोगे. खास विमान सर्वांना परवडत नाही, एका संघाला दिले तर दुसऱ्यावर अन्याय होईल, म्हणून कोणीच घ्यायचे नाही. कोणालाच खाट द्यायची नाही आणि त्याला समता म्हणायचे! पुढे २०२१ च्या हंगामात न्यूयॉर्कच्या संघमालकांनी खेळाडूंना खास विमानाने नेले, तर लीगने त्यांना पाच लाख डॉलरचा दंड केला. गुन्हा कोणता? कामगारांना नीट नेले.

हंगामाअखेर एसेसचे १४ विजय, २० पराभव. आठवे आणि शेवटचे पात्र स्थान डॅलसला मिळाले, त्यांचे विजय १५. वॉशिंग्टनला एसेस जिंकल्या असत्याच असे कोणी म्हणू शकत नाही. पण एका सामन्याच्या फरकाने संघ बाहेर राहिला, आणि एक सामना न खेळता गेला होता. ही किंमत त्या बायकांनी मोजली, कंपनीने नव्हे.

मात्र गोष्ट तिथे थांबली नाही. १ नोव्हेंबर २०१८ रोजी खेळाडूंच्या संघटनेने करार मुदतीआधी संपविण्याची नोटीस दिली. जानेवारी २०२० मध्ये नवा करार जाहीर झाला: हॉटेलात प्रत्येकीला स्वतंत्र खोली, विमानात जास्त ऐसपैस आसन, बाळंतपणात पूर्ण पगार, आणि कमाल पगार २ लाख १५ हजार डॉलर. खास विमान मात्र त्यात नव्हते. त्याला २०२४ चा मे महिना उजाडावा लागला. तेव्हा दोन वर्षांसाठी सुमारे पाच कोटी डॉलर एकाएकी सापडले. केटलिन क्लार्क या नव्या खेळाडूमुळे त्या वर्षी मैदाने भरू लागली होती, हे खरे. पण मागणी आधीपासून लावून धरली नसती, तर गर्दीचा पैसा दुसऱ्याच खिशात गेला असता. आणि ज्यांना नखरेल म्हटले त्या एसेसने २०२२, २०२३ आणि २०२५ ची विजेतेपदे जिंकली.

आपल्या रनिंग कर्मचाऱ्याला आठ तास वा अधिक ड्यूटीनंतर मुख्यालयी सोळा तासांची विश्रांती नियमात लिहिलेली आहे. कामाच्या तासांसाठी इंजिनावरच्या माणसांनी १९७३ साली झगडा दिला आणि ८ मे १९७४ ला अख्खी रेल्वे थांबली, हे जुन्यांना सांगायला नको. तरीही 'माणूस नाही, आज सांभाळून घ्या' असा फोन येतो आणि आपण सांभाळून घेतो. सिग्नल ओलांडला गेला की मात्र चौकशीत पहिले नाव ड्रायव्हरचे. तो त्याआधी किती झोपला होता, हे शेवटच्या पानावर. महिला लोको पायलटांना तर बहुतेक इंजिनांत शौचालयही नाही.

तेव्हा सर्व रनिंग व आर.एम.एस. बंधू-भगिनींनी गेल्या तीन महिन्यांतील साइन ऑन आणि साइन ऑफच्या वेळा, आणि दोन ड्यूट्यांच्या मध्ये प्रत्यक्ष मिळालेले झोपेचे तास, साध्या कागदावर लिहून शाखा सचिवांकडे द्यावेत. एकट्याने नाव घालायला भीती वाटत असेल, तर सबंध लॉबीने मिळून एकच कागद द्यावा. त्या संघानेही पत्रक सगळ्यांच्या नावानेच काढले होते.